शेऱ्याचा रकाना

किरिबातीच्या त्या बेटावर जहाज
सहा आठवड्यांनी येतं, म्हणजे येईल तेव्हा.
बेटपंचायतीची कारकून नेई तेकाबू
फॉर्म पुढ्यात घेऊन बसली होती,
दाराशी म्हातारा तेन बौरो
मांडीवर काथ्या वळत.

'फूड सप्लाइज' असं छापलेलं,
त्याखाली कोरी ओळ.

शॉर्टेज लिहू?
मागच्या कारकुनाने शॉर्टेजच लिहिलं होतं.
राजधानीतून उत्तर आलं, शॉर्टेज सगळीकडेच आहे.

मग लो?
लो म्हणजे किती, घोट्याइतकं की गुडघ्याइतकं?
ती उठून कोठारात गेली.
तांदळाची थप्पी एरवी तिच्या खांद्याला लागायची.
आता तिच्यावर तामुएरा बसला होता, वय वर्षं चार,
आणि त्याचे पाय जमिनीला टेकत होते.

नो फूड लिहावं तर खोटं.
समोर समुद्र आहे, मासा आहे, खड्ड्यात बाबाई आहे.
यंदा खारं पाणी शिरलं, पानं पिवळी, कंद कडसर,
पण आहे.
एकदा कुणीतरी नो फूड लिहिलं
तर कॅमेरा घेऊन साहेब उतरला.
पाहुणा म्हणून त्याला शेवंड वाढली.
बोटं चाटत म्हणाला, फूड तर आहे.

रेडिओवर सांगायची सोय नाही.
गेल्या वर्षी तिने पीठ मागितलं होतं,
फ्लॉवर, फ्लॉवर, ओव्हर,
आणि जहाजातून उतरली
झिनियाच्या बियांची दोन खोकी.
फेकायची कशी? पेरली.
चर्चसमोर अजून फुलताहेत, लालभडक, निर्लज्ज.

डेस्परेट?
अर्थ कळल्यावर बौरो म्हणाला,
आपण काय कुणाच्या पाया पडतोय?

डिप्लीटेड.
हा शब्द नुसताच दातांत अडकतो.

स्टार्व्हिंग तिने लिहिलं आणि खोडलं.
तो शब्द तिने पाहिला होता
फुगलेल्या पोटांच्या फोटोंखाली.
आपली पोटं तशी नाहीत. अजून.
या 'अजून'ला स्टिल म्हणायचं की यट,
यात अर्धा तास गेला.

दिवस कलला. बॅटरी उतरत आली,
आणि नेमका तेव्हाच
सॅटेलाइटचा ठिपका हिरवा झाला.
तिने सगळं पुसलं. शेऱ्याच्या रकान्यात
एक आकडा टाकला, पुढे आपल्या भाषेतला
एक शब्द, रोमन अक्षरांत:
४१२ बाकी.

तो फॉर्म माझ्याकडे आला.
मी राजधानीतल्या गोदामाचा हिशेबनीस, मूळचा मिरजेचा,
त्यांच्या भाषेत नमस्कार आणि आभार
एवढंच येणारा.
वाचलं: चारशे बारा बाकी.
वा, म्हटलं, चारशे बारा पोती!
शिलकीपुढे हिरवी खूण केली
आणि जहाज आधी दक्षिणेला धाडलं.
नऊ दिवस.

मग मीही गेलो त्याच जहाजातून,
तांदळावर बसून, ओकत.
धक्क्यावर तेकाबूने मला समजावलं,
शाळेतल्या पोराला समजवावं तसं:
बाकी म्हणजे भुकेला. भुकेली. भुकेले.
चारशे बारा माणसं.
ती रागावली नव्हती.
रागावली असती तर बरं झालं असतं.

'तुझ्या भाषेत काय होतं?' तिने विचारलं.
उरलेलं, मी म्हणालो.
तिने ते बौरोला सांगितलं.
तो हसला, बोळकं उघडून, बराच वेळ.
हात काथ्या वळतच होते.
'मग चुकलं कुठे,' म्हणाला,
'उरलोच होतो की आम्ही.'

पोती उतरत होती. मी मोजत होतो,
चुकत होतो, परत मोजत होतो.
नव्या थप्पीवर तामुएरा चढून बसला,
आणि खाली पाहू लागला
लोंबणाऱ्या आपल्या पायांकडे.